अंगठ्याचा जबडा

बोईसर स्टेशनातून तारापूरच्या दिशेनं निघालं की रिक्षा, टेम्पो आणि कंपन्यांच्या बसेसच्या गर्दीत मधूनमधून गाद्या-सोफ्यांची लहान दुकानं लागतात. दाराशी फोमचे ताव उभे करून ठेवलेले असतात. काही पांढरेशुभ्र, काही उन्हानं पिवळे पडलेले, काही गुलाबी. एमआयडीसीत नव्यानं कामाला लागलेली पोरं भाड्याच्या खोलीसाठी पहिली गादी इथूनच घेतात. दुकानात आत, कापायच्या फळीखाली, कातरणीचा ढीग साचलेला असतो. निमुळत्या पट्ट्या, तुटके कोपरे, कुणाच्या तरी सोफ्याच्या हातातून उरलेले अर्धगोल. संध्याकाळी तो ढीग पोत्यात भरला जातो आणि उशीच्या पोटात, नाहीतर कचऱ्यात जातो. अशा दुकानात शिरले की माझं लक्ष गाद्यांकडे नसतंच, त्या ढिगाकडे असतं. अर्ध्या इंचाच्या जाडीचा, लांबी-रुंदीला वीतभराहून थोडा मोठा तुकडा मिळाला की त्यातून एक डोकं होतं. हातात घालून बोलकी करायच्या बाहुलीचं डोकं.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "ताई, डेन्सिटी किती पाहिजे?" अठ्ठावीस, बत्तीस, चाळीस असे आकडे त्याच्या तोंडावर असतात. एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो हा आकडा. पुष्कळांना वाटतं की आकडा वाढला की फोम कडक होतो. तसं नसतं. वजनदार फोमही मऊ असू शकतो आणि हलकाही टणक असू शकतो. कडकपणा हा त्याच्या घडणीतला वेगळा गुण आहे. म्हणून बाहुलीसाठी फोम निवडताना आकडा विचारावा, पण भरवसा बोटांवर ठेवावा. तुकडा मुठीत पूर्ण दाबायचा आणि सोडायचा. जो तत्काळ उसळून मूळ आकारात येतो तो आपला. जो सावकाश, सुरकुत्या घेत उठतो, तो वर्षभरात दमणार. जो बोटाखाली चुरचुरतो, त्याचं आयुष्य आधीच संपलेलं असतं.

या पदार्थाची जन्मकथा बोईसरच्या माणसाला परकी वाटू नये. ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९३७ साली पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. मऊ फोम घरोघरच्या गाद्यांत शिरला तो पुढं १९५० नंतरच्या काळात. दोन मुख्य द्रव असतात, पॉलिऑल आणि आयसोसायनेट. त्यांच्यात थोडं पाणी असतं. पाणी आणि आयसोसायनेट भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि ते मिश्रण काही मिनिटांत ढोकळ्यासारखं फुगून वर येतं. आतली उष्णता शंभर अंशांच्या वर जाते, म्हणून ताजे ठोकळे एकावर एक रचत नाहीत, मोकळे ठेवून निववावे लागतात. मग त्यांचे ताव कापले जातात. रसायनांच्या कारखान्यांमुळे या गावाच्या नावाला अनेक तक्रारी चिकटल्या आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. इथल्या हवेचा वास रात्रपाळीहून परतणाऱ्याला विचारावा. पण त्याच रसायनविद्येनं हवेचे लाखो कण एका लवचीक जाळीत बांधून ठेवले, आणि ती जाळी माणसाच्या अंगठ्याच्या बारीकात बारीक हालचालीला साथ देते, हेही तितकंच खरं आहे.

सपाट तावातून गोल डोकं कसं होतं, हे ज्यांना सगळ्यांत लवकर समजतं त्या आमच्याकडच्या ब्लाउज शिवणाऱ्या बायका. त्यांना टक्स ठाऊक असतात. कापडाला चिमटी घेतली की सपाट कापडाला उभार येतो, हे त्या रोज करतात. फोमला चिमटी घेता येत नाही, तिथं इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची फाक कापून काढतात आणि तिच्या दोन कडा एकमेकींना चिकटवतात. फाकेच्या बाजू सरळ रेषेत कापल्या तर टोपीचा सुळका होतो. त्याच बाजू फाकेच्या दिशेनं किंचित फुगीर कापल्या तर कवटीचा घुमट होतो. सगळी करामत त्या किंचित फुगीरपणात आहे. तो वाढला की कपाळ पुढं येतं आणि बाहुली हट्टी दिसते. कमी झाला की डोकं चपटं होतं आणि चेहरा बिचारा होतो. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर नमुना कापून, चिकटपट्टीनं जोडून पाहावा, मग तो फोमवर ठेवावा. आखायला पेन्सिल चालत नाही, फोमवर ती उमटतच नाही. स्केचपेन चालतं, पण रेघ नेहमी आतल्या बाजूला ओढायची, कारण फिकट कापड वर चढवलं की शाई त्यातून दिसते.

कापायला कात्री घेऊ नये. कात्री फोमला दाबून मग कापते, आणि दाब सुटला की कड तिरकी निघते. तिरक्या कडा जोडल्या की शिवणीवर खाच पडते आणि ती खाच कापडाखालूनही लपत नाही. कटरचं नवं पातं, पूर्ण बाहेर काढलेलं, फोमला उभं लावायचं आणि न दाबता लांब ओढायचं. पहिल्या ओढीत सगळं कापलं गेलंच पाहिजे असं नाही. दुसरी ओढ त्याच रेषेतून न्यायची. कात्रीचं काम नंतर येतं, नाक-कान कोरताना. तिथं टोकानं टिपून टिपून फोम उडवायचा. नाकाला एकच ठोकळा घ्यावा आणि थोडा मोठाच घ्यावा, कारण कापलेला फोम परत लावता येत नाही.

चिकटवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नव्या माणसाच्या बाहुल्या इथंच बिघडतात. शाळेतला पांढरा फेविकॉल फोमला चालत नाही. तो आत शोषला जातो, वाळायला वेळ घेतो आणि वाळला की शिवण काठीसारखी कडक होते. ग्लू गनचा गरम डिंक झटपट धरतो, पण त्याचीही कडक रेघ राहते आणि गालावर हात फिरवला की बोटाला लागते. चपला दुरुस्त करणारे कारागीर जे पिवळसर सोल्युशन वापरतात ते यासाठी योग्य. दोन्ही कडांना ब्रशनं पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. हे थांबणंच कठीण जातं. बोट लावलं की चिकट वाटतं पण बोटाला काही येत नाही, ती वेळ आली की टोकापासून सुरुवात करून, फोम न ताणता, कडेला कड टेकवत जायचं. एकदा टेकलेली कड उचलता येत नाही. ओढून उचलली तर फोम फाटतो, जोड सुटत नाही. हे सोल्युशन थर्माकोलला मात्र लावू नये, थर्माकोल त्यात विरघळून जातो. आणि त्याची वाफ डोक्यात जाते, तेव्हा खिडकी उघडी हवी, पंखा हवा, आणि जवळ दिवा-उदबत्ती नको.

शेवटची फाक बंद होते तेव्हा सपाट तुकडा तळहातावर पोकळ गोल होऊन बसलेला असतो. त्याला डोळे नसतात, तोंड नसतं, तरी घरातलं कुणीतरी येऊन त्यात हात घालतंच. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पोकळ आणि मऊ वस्तू माणसाच्या हाताला बोलावते.

आमच्या पालघर जिल्ह्याला चेहऱ्यांची स्वतःची अशी समज आहे. वारली चित्रांत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल. त्या गोलात नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या माणसांना चेहरा द्यावा असं कुणाला वाटलं नाही. गरजच नाही. कमरेच्या त्या एका बिंदूवर अंग किती वाकलं आहे, यावरून माणूस नाचतोय, रोवतोय की थकलाय ते कळतं. दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचा बोहाडा. उन्हाळ्याच्या दिवसांत रात्रभर देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. मुखवटा भव्य, रंगीत, मोठ्या डोळ्यांचा, आणि पूर्ण स्थिर. त्याच्याखाली माणसाचं अंग घुमत असतं. म्हणजे एका कलेत चेहरा नाहीच, दुसरीत आहे पण तो हलत नाही. दोन्हींत भाव वाहतो तो अंगातून. मऊ बाहुली करणाऱ्यानं हा धडा आधी घ्यावा. बाहुलीचं तोंड हलतं म्हणून तिच्यात जीव येतो हा समज चुकीचा आहे. मान किती कलली, ऐकताना डोकं किती मागे गेलं, श्वास घेतल्यावर खांदे उचलले का, यावरच ते ठरतं.

महाराष्ट्रात बाहुल्यांचा इतिहास मोठा आहे आणि तो बहुतेक लाकडाचा, कातड्याचा आणि दोरीचा आहे. ज्ञानेश्वरीत सूत्रावर हलणाऱ्या बाहुल्यांचे दाखले येतात, म्हणजे तेराव्या शतकातल्या श्रोत्यांना तो खेळ ओळखीचा होता. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी आजवर सांभाळल्या. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सांगलीत १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि पुढं शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. कळसूत्री बाहुलीत खेळवणाऱ्याचा हात काही फूट वर असतो. छायाबाहुलीत मध्ये पडदा असतो. हातबाहुलीत असं काहीच अंतर नसतं. हाताचा घाम तिला लागतो, हात थरथरला तर ती थरथरते. फोम आल्यावर हे अंतर आणखी घटलं, कारण लाकडाचा जबडा फक्त उघडतो आणि मिटतो, फोमचा जबडा चावतो, मुडपतो, तिरका होतो, एका बाजूनं हसतो. आत चार बोटं आवळली की वरचा ओठ आत जातो आणि बाहुली विचारात पडते.

तोंडाची पट्टी हे या बाहुलीचं खरं हाड. दोन अर्धगोल, मध्ये बिजागरी. पुठ्ठा घेतला तर घामानं महिन्याभरात नरम पडतो. जुन्या रबरी चपलेचा तळवा उत्तम, तो वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. दोन तुकड्यांमध्ये जीनच्या कापडाची पट्टी चिकटवली की बिजागरी झाली. वरच्या तुकड्याला चार बोटांसाठी इलॅस्टिकचा पट्टा, खालच्याला अंगठ्यासाठी खिसा. बोटं सरकू नयेत म्हणून आतून हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर लावावा. तोंडाच्या आतलं कापड भडक लाल घेण्याचा मोह होतो, पण गडद मरून घेतलं तर तोंड खोल दिसतं.

मग अंगठ्याचं शिक्षण सुरू होतं. नवशिका बोलताना चार बोटं वर उचलतो. त्यामुळे बाहुलीचं कपाळ प्रत्येक अक्षराला आभाळाकडे जातं आणि डोळे प्रेक्षकांवरून सुटतात. बोलताना वरचा भाग स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा असतो. आपलाही खालचाच जबडा हलतो, वरचा नाही. आरशासमोर बसून गावांची नावं म्हणावीत, हा मला आवडणारा सराव. ‘पालघर’ लिहिताना चार अक्षरं, पण अंगठा दोनदाच खाली येतो. ‘तारापूर’ला तीनदा. ‘बोईसर’लाही तीनदा, पण ‘ई’ला फार थोडा. विरारहून सुटलेली डहाणू लोकल ज्या स्टेशनांवरून जाते ती सगळी अशी म्हणून झाली की अंगठा दुखायला लागतो आणि थोडा शहाणा होतो.

रामदास पाध्ये यांचं नाव वर आलंच आहे, तर शब्दभ्रमाबद्दल, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करण्याबद्दल, एक गोष्ट. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी १९१६ साली अर्धवटराव हा बाहुला जन्माला घातला आणि तो आजही बोलतो आहे. मराठी घरांत तात्या विंचू माहीत नाही असं मूल विरळा. १९९३च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तो बाहुलाही पाध्यांचाच. लिज्जत पापडाच्या जाहिरातीत खुदखुदणारा ससाही त्यांचाच. शब्दभ्रमकाराला सर्वांत छळणारी अक्षरं म्हणजे प, फ, ब, भ, म. ही ओठ मिटल्याशिवाय किंवा एकमेकांजवळ आणल्याशिवाय येत नाहीत, आणि त्याचे ओठ तर हलता कामा नयेत. गंमत अशी की मूल बोलायला लागतं ते याच अक्षरांनी. मामा, बाबा, पापा. म्हणजे बाळाला जे सर्वांत सोपं, ते कसलेल्या कलावंताला सर्वांत अवघड. पण बालवाडीच्या ताईंनी या भीतीपोटी बाहुली बाजूला ठेवू नये. त्यांना ओठ लपवायची गरजच नाही. ताई खुशाल तोंड हलवून बोलोत. फक्त बोलताना त्यांनी स्वतः बाहुलीकडे पाहावं. ताई जिकडे पाहतात तिकडे मुलं पाहतात.

डोळे शेवटी लावावेत. पेणचे मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी करतात, तेच इथं. साधनं स्वस्त आहेत. टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापला की दोन डोळे होतात. प्लास्टिकच्या चमच्याची वाटीही चालते. अमेरिकेत बाहुलीकार जिम हेन्सननं १९५५ साली आपला पहिला कर्मिट हा बाहुला आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि अशाच चेंडूच्या दोन अर्धांतून केला. त्याच्या बाहुल्या घडवणारा डॉन साहलिन डोळे कुठं बसवायचे यावर फार वेळ घालवत असे. डोळे आणि नाक मिळून जो त्रिकोण होतो त्यावर चेहऱ्याचं मन ठरतं. बुबुळं अगदी मधोमध ठेवली तर बाहुली कुठंच पाहत नाही, तिची नजर हरवते. दोन्ही बुबुळं नाकाकडे किंचित आणली की ती समोरच्या मुलाकडे पाहू लागते. म्हणून डोळे आधी टाचणीनं टोचावेत, बाहुली हातात घालून दहा फुटांवर आरसा ठेवावा, टाचण्या हलवत राहावं, आणि नजर लागली की मगच चिकटवावेत. लहान मुलांत बाहुली न्यायची असेल तर डोळे नुसते चिकटवून भागत नाही. मागून दोऱ्यानं शिवून, ओढून पाहून घ्यावेत. सुटलेला डोळा तोंडात जातो.

तारखांचा एक योग मला फार भावतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यावसायिक वीज सुरू झाली २८ ऑक्टोबर १९६९ला. हेन्सनच्या बाहुल्यांनी भरलेला ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम अमेरिकेत पहिल्यांदा दिसला १० नोव्हेंबर १९६९ला. दोन आठवडेही मध्ये नाहीत. त्याच कार्यक्रमाचं भारतीय रूप ‘गली गली सिम सिम’ २००६ साली आपल्याकडे आलं, आणि बोईसरच्या चाळींमधल्या टीव्हीवर चमकी नावाची मऊ मुलगी हिंदीत बोलू लागली.

डोळ्यांआधी चढवायच्या कातडीसाठी अमेरिकेत खास लव असलेलं नायलॉनचं कापड वापरतात. लव वर ओढून घेतली की शिवण तिच्याखाली बुडते. आपल्याकडे साधं फ्लीस मिळतं, तेही चांगलं. नाही मिळालं तर जुना टी-शर्ट. कापड एका दिशेला जास्त ताणतं, ती दिशा डोक्याला आडवी यावी. शिवताना टाका एका काठातून आडवा घ्यायचा, मग समोरच्या काठातून तितकाच, आणि चार-पाच टाक्यांनी दोरा ओढायचा, म्हणजे दोन्ही काठ आत वळून मिटतात. हातांना काड्या जोडायच्या तर मोडक्या छत्रीची काडी किंवा सायकलची तार. केसांना लोकर. इथं फार लिहायला नको, घरात जे आहे त्यातून ज्याला त्याला सुचतं.

हे सगळं ज्याच्यासाठी करायचं त्याच्याकडे वळते. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या आणि पुढं त्यांनीच ते अखेरपर्यंत नेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार इथं रुजला. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं, काटक्या यांनाच साधनं केलं. आज देशभर अंगणवाड्या आहेत, त्यांची एक मुळी आमच्या जिल्ह्यातल्या या टेकडीत आहे. त्या काळी त्या परिसरात जे फुकट मिळायचं ते शिंपले आणि बिया. आज बोईसरला जे फुकट मिळतं ते फोमची कातरण आणि होजिअरीचे तुकडे. विचार तोच ठेवला तर साधन बदलायला काही हरकत नसावी.

आणि गरजही आहे. पाड्यावरच्या मुलाची घरची बोली वारली, किनाऱ्यावरच्याची मांगेली, वाडवळांची वाडवळी, आणि एमआयडीसीलगतच्या वस्तीत भोजपुरी, उडिया, बंगाली. अंगणवाडीत ही सगळी मुलं प्रमाण मराठीसमोर गप्प बसतात. ताई विचारतात, "सांग ना, हे काय आहे?" मूल खाली पाहतं. त्याला येत नाही असं नसतं. चुकलं तर काय, ही धास्ती असते.

सातपाटीच्या बाजूच्या एका वर्गात मी पाहिलेलं सांगते. हिरव्या टी-शर्टची, बटबटीत डोळ्यांची एक बाहुली ताईंच्या हातात होती. ताईंनी पापलेटचं चित्र वर धरलं. बाहुलीनं मान तिरकी करून बराच वेळ चित्र पाहिलं, मग ठामपणे म्हणाली, "बोंबील!" वर्गात एक क्षण कुणी काही बोललं नाही. मग तोवर एक शब्द न बोललेली, दाराजवळ बसलेली मुलगी ताडकन उठली आणि ओरडली, "नाय! पापलेट हाय!" बाहुली तिच्याकडे वळली. "बोंबील नाय?" "नाय!" आणि ती पुढं आली, बोंबील लांब कसा, पापलेट पसरट कसा, हे हातांनी दाखवायला लागली. बाहुली तिच्या हातांकडे पाहत राहिली, मध्येच तोंड उघडं ठेवून. मुलीनं त्या उघड्या तोंडात बोट घालून पाहिलं, दात आहेत का. नव्हते. मग तिनं बाहुलीच्या गालावर हात ठेवला आणि बोलत राहिली. पाच माशांची नावं तिनं सांगितली.

या कलेत मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाहुलीला मुलापेक्षा कमी यायला हवं. शाळाशाळांतून बाहुल्यांचे कार्यक्रम होतात आणि त्यांत बाहुली उभी राहून हात धुवा, झाडं लावा, मोबाइल पाहू नका, असं सांगत सुटते. दिल्लीची सीसीआरटी ही सांस्कृतिक प्रशिक्षणाची संस्था शिक्षकांना बाहुलीनाट्य शिकवत आली आहे, शेजारच्या गुजरातेत मेहेर कॉन्ट्रॅक्टर यांनी अहमदाबादच्या दर्पण संस्थेत शिक्षणासाठी बाहुल्यांचं मोठं काम केलं. ज्ञानाची वाट आहेच. पण बाहुलीच्या हाती उपदेश दिला की ती दुसरी बाई होते, आणि वर्गात एक बाई पुरेशी असते. ज्या बाहुलीला काही येत नाही, जी दहापर्यंत मोजताना सात विसरते, जिला पावसाची भीती वाटते, तिच्यासमोर मूल मोठं होतं. तिला समजावताना ते स्वतःची भाषा काढतं. मीना नाईक यांनी लहान मुलांच्या लैंगिक शोषणासारखा अवघड विषय बाहुल्यांच्या आधारानं मुलांपुढं आणला, तोही याच भरवशावर. माणसापुढं जे बोलवत नाही ते बाहुलीपुढं बोलवतं. इथं मऊपणा नुसता दिसण्याचा राहत नाही. ज्याला स्पर्श केला तर लागत नाही आणि जो दाबला तर दाबला जातो, त्याची भीती वाटत नाही.

फोमचं एक दुखणं सांगायला हवं. तो टिकत नाही. उजेडानं पिवळा पडतो, हवेनं आणि दमटपणानं त्याची जाळी तुटत जाते, आणि काही वर्षांनी बोट लावलं की भुकटी होते. आमच्या किनाऱ्यावरच्या हवेत हे आणखी लवकर होतं. भावे यांच्या लाकडी बाहुल्या कित्येक वर्षांनी दुरुस्त करता आल्या, फोमच्या येणार नाहीत. उन्हात वाळवू नये, सावलीत वाळवावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, सुती पिशवीत ठेवावी. पावसाळ्यात आठवड्याला बाहेर काढून हवा द्यावी, नाहीतर आत बुरशी धरते. आगीपासून तर फारच जपावं, फोम झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आणि कागदाचा नमुना जपून ठेवावा. डोकं गेलं तरी नमुना असला की त्याच मापाचं डोकं पुन्हा होतं, जुने डोळे काढून नव्याला लावता येतात, आणि मुलांना ती तीच वाटते.

तेव्हा बोईसर-पालघरच्या गादीवाल्यांना माझी विनंती आहे. कातरणीतले वीतभराहून मोठे, अर्ध्या इंचाचे तुकडे वेगळ्या पोत्यात टाका आणि महिन्याला ते पोतं जवळच्या अंगणवाडीला द्या. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी एक दुपार काढावी आणि अंगणवाडीच्या ताईंना टक्सचं गणित दाखवावं. एका दुपारी डोकं होतं, दुसऱ्या दुपारी तोंड आणि डोळे. सोल्युशनचा डबा मात्र मुलं घरी गेल्यावरच उघडा, आणि खिडक्या सगळ्या उघड्या ठेवा.